संधिवात आहे आणि गुडघ्याच्या लवणीत गाठ आली आहे. कापून काढावी का? (बडोदा)

वाड्यातली_वैशाली

नमस्कार मंडळी,

मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे हे इथल्या जुन्या सदस्यांना माहीत आहे. आधी बोटांची पेरं आणि मनगटं धरली, मग पावलं. गुडघे मात्र इतकी वर्षं बऱ्यापैकी चालत होते. रविवारी मेथोट्रेक्सेट, बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड आणि रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असं चालू आहे. जोडीला मधुमेहाची गोळी.

दिवाळीनंतर डावा गुडघा भरल्यासारखा वाटायला लागला. पुढून फारसं दिसत नाही, पण मागे लवणीत, आतल्या अंगाला, गाठ हाताला लागते. पाय ताठ केला की मागून ओढ बसते, पूर्ण वाकवायला गेलं की मध्ये काहीतरी येतं. देवासमोर मांडी घालून बसणं बंद झालं आहे. आमचा दांडियाबाजारातला जुना वाडा, लाकडी जिना, उंच पायऱ्या. चढताना निभतं, उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी.

सोनोग्राफीत ‘बेकर्स सिस्ट, ४.२ गुणिले १.८ सेंमी, सांध्याशी जोडलेली, गुडघ्यात पाणी, आतलं अस्तर जाड’ असं आलंय. सीआरपीही (रक्तातली सुजेची तपासणी) वाढलेलं आहे. संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ संक्रांतीनंतरची मिळाली आहे.

घरात दोन मतं आहेत. दीर म्हणतात, गाठ आहे तर ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. शेजारच्या बेन एका हाडवैद्याचं नाव सांगतात, तो म्हणे चोळून गाठ बसवतो. मला दोन्हींची धास्ती वाटते. कुणाला असं झालंय का? काय केलंत? आणि संक्रांत तोंडावर आहे. हळदीकुंकवाला बायका येणार, मलाही चार घरी जायचं आहे. कितपत हिंडावं?

सूरसागर_काठ

वैशालीताई, ही गाठ म्हणजे कर्करोग वगैरे नाही, ते आधी मनातून काढा. रिपोर्टात ‘सांध्याशी जोडलेली’ असं लिहिलंय तेच खरं कामाचं आहे.

माझ्या उजव्या गुडघ्याला झाली होती. सुईने पाणी काढलं, त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की रात्री फेरी मारायला बाहेर पडलो. थोड्याच आठवड्यांत पुन्हा भरली. मग डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट वाढवलं, जोडीला सल्फासॅलाझिन दिलं आणि गुडघ्यात एक इंजेक्शन. संधिवात आटोक्यात आला तशी गाठ आपोआप ओसरली. कापायची वेळच आली नाही.

चोळून घेऊ नका, एवढी हात जोडून विनंती.

निवृत्त_फिजिओ

थोडं सविस्तर लिहितो. आत काय चाललंय हे कळलं की ‘कापू का, चोळू का’ हे प्रश्न पुष्कळसे आपोआप सुटतात.

गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते वंगण म्हणून थोडंसं पाणी तयार करतं. निरोगी गुडघ्यात जेमतेम काही मिलिलिटर. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती ह्याच अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि पाणी भराभर तयार व्हायला लागतं. आता गुडघ्याच्या मागे, आतल्या बाजूला, पोटरीचा मोठा स्नायू आणि मांडीच्या मागून येणारा एक स्नायू यांच्यामध्ये एक छोटी पिशवी असते. ती रोग नव्हे, स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गानेच दिलेली आहे. पुष्कळ प्रौढांमध्ये ह्या पिशवीला सांध्यातून वाट असते आणि ती वाट हातपंपाच्या झडपेसारखी वागते. गुडघा हलला, दाब वाढला की पाणी मागे ढकललं जातं; परत मात्र सहजी येत नाही. ऱ्हुमॅटॉइडमधल्या पाण्यात गुठळ्या असू शकतात, म्हणून ते आणखीनच अडकतं.

पाय सरळ केला की ही गाठ टणक लागते आणि गुडघा थोडा वाकवला की मऊ पडते. तपासताना आम्ही हेच बघतो.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये गुडघ्याच्या आजाराशी जोडून हिचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० मध्येच अशी गाठ नोंदवली होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होतं की दुखणं मागे नाही, सांध्यात आहे. मोठ्या माणसांत अशी गाठ आली की गुडघ्यात काय बिघडलंय ते आधी बघायचं: गादी फाटली आहे का, झीज आहे का, की वैशालीताईंसारखं अस्तर सुजलंय.

म्हणून कापण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सांध्यात पाणी तयार होत राहणार असेल तर गाठ काढूनही ती परत भरायची शक्यता मोठी. शिवाय लवणीतून पायाची मुख्य रक्तवाहिनी, शीर आणि नस जाते. तिथे सुरी लावायची तर दुसरा उपाय उरलेला नसावा.

आता घरी काय करायचं.

गुडघ्याखाली उशी ठेवून रात्रभर झोपू नका. त्या क्षणी बरं वाटतं, पण ऱ्हुमॅटॉइडच्या गुडघ्याला वाकलेलं राहायची सवय लागते आणि मग पाय सरळच होत नाही. मी असे कायमचे वाकलेले गुडघे पाहिले आहेत, म्हणून एवढं आग्रहाने सांगतोय. पाय वर घ्यायचाच असेल तर टाचेपासून अख्ख्या पायाला आधार द्या.

मांडीचा पुढचा स्नायू जपा. गुडघ्यात पाणी झालं की तो फार लवकर वाळतो. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी, गुडघा खाली दाबून पाच मोजा, सोडा. दुखणं वाढेल इतकं नको. पाठीवर झोपून सरळ पाय वीतभर उचलणं हेही चांगलं. उकिडवं बसणं, मांडी, भारतीय पद्धतीचा संडास हे तूर्त बंद. वाड्यात कमोड नसेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं.

आणि एक लक्षात ठेवा. पोटरी एकाएकी सुजली, दुखली, गरम झाली तर घरी थांबायचं नाही. ते का, विचाराल तर सांगेन, पण आत्ता इतकंच पाठ करा.

कारेलीबाग_नाना

सगळे ऑपरेशनच्या विरोधात लिहीत आहेत म्हणून माझीही बाजू मांडतो. आमच्या घरात हिची गाठ दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतली. तिला संधिवात नव्हता, गुडघ्यातली गादी फाटली होती. डॉक्टरांनी गादी नीट केली आणि त्याच वेळी मागची वाट मोकळी केली. परत गाठ आली नाही. तेव्हा ऑपरेशन म्हणजे वाईटच, असं नसावं.

निवृत्त_फिजिओ

नाना, तुमचं उदाहरण अगदी योग्य आहे. वहिनींच्या गुडघ्यात जे बिघडलं होतं तेच दुरुस्त केलं, म्हणून गाठ थांबली. ऱ्हुमॅटॉइडमध्येही औषधं आणि इंजेक्शनं देऊन अस्तर ऐकत नसेल तर दुर्बिणीतून ते अस्तर काढतात. पण तो नंतरचा टप्पा. आधी औषध.

निर्गुडी

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, वाडीत दवाखाना आहे. चोळण्याबद्दल लिहिते, कारण ‘आयुर्वेदात मालीश सांगितलीय’ असं म्हणून लोक माझ्याकडे येतात.

सांधे सुजलेले, गरम, सकाळी आखडलेले, अशा आमवाताच्या (ह्या संधिवाताला आम्ही आमवात म्हणतो) अवस्थेत तेल चोळायचं नाही, असंच आमचं शास्त्र सांगतं. तिथे शेक द्यायचा तर कोरडा, वाळूच्या पुरचुंडीचा. तेल नंतर, आम ओसरल्यावर, आणि तेही हलक्या हाताने. लवणीतली गाठ अंगठ्याने दाबून ‘बसवणं’ हा प्रकार शास्त्रात नाही. सुजेच्या ऐन भरात तर मी शेकही देत नाही.

दुसरं, कृपा करून विनालेबलच्या पुड्या घेऊ नका. तीन दिवसांत सगळे सांधे मोकळे झाले तर समजावं की त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. आधीच मधुमेह असलेल्या बाईला ते फार महाग पडतं. मेथोट्रेक्सेट कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, माझ्यासुद्धा.

सूरसागर_काठ

वैद्यबाई, तुमचं हे लिहिणं छापून ओट्याओट्यावर लावायला हवं.

वाड्यातली_वैशाली

सगळ्यांचे मनापासून आभार. हाडवैद्य रद्द. दिरांना नानांचा आणि फिजिओकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते शांत झाले.

गुडघ्यातल्या इंजेक्शनबद्दल विचारायचं आहे. ते स्टिरॉइडचं असतं ना? माझी साखर आत्ता कुठे ताळ्यावर आली आहे. आणि गाठ मागे, तर इंजेक्शन पुढून गुडघ्यात का देतात?

सूरसागर_काठ

हो, स्टिरॉइडच. पुढून दिलं तरी सांधा आणि गाठ आतून जोडलेले असतात, औषध दोन्हीकडे पोचतं. माझ्या वेळी आधी सांध्यातलं पाणी काढलं आणि त्याच सुईने औषध सोडलं. साखर काही दिवस वाढते, तेवढे दिवस घरी तपासत राहायचं आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं. पोटातून रोज घेण्यापेक्षा शरीरभर परिणाम कमी. मात्र पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही. एकाच सांध्यात साधारण तीन महिने तरी जाऊ देतात.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस जरा जास्त दुखू शकतं. पण थंडी वाजून ताप आला, गुडघा लाल-गरम होऊन पाय टेकवेना झाला तर त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात जंतू शिरले तर काही दिवसांत कूर्चा खराब होते. आणि आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी असल्यामुळे कधी कधी तापही फारसा चढत नाही, तापाची वाट बघत बसू नका.

इंदूरच्या_मावशी

आमच्या इंदुरातही हेच ऐकते, म्हणून एक भर घालते. काढलेलं पाणी फेकू देऊ नका, तपासायला पाठवायला सांगा. पेशी, जंतू, स्फटिक सगळं कळतं. आणि आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही. बाकी सांधे शांत आणि एकच गुडघा महिनोन्‌महिने भरलेला असेल तर डॉक्टरांना ‘टीबीचं बघितलंत का’ असं सरळ विचारावं. माझ्या नणंदेला संधिवात होताच, त्यात तेही निघालं.

हळदीकुंकवाचं म्हणाल तर खुर्च्या मांडा. कोण काय म्हणेल ह्याचा विचार नको. तिळगूळ खुर्चीवर बसूनही गोडच लागतो.

वाड्यातली_वैशाली

(१४ जानेवारी, रात्री)

मंडळी, कुणी जागं आहे का? आज उत्तरायण, सगळे अगाशीवर. मुलं फार मागे लागली म्हणून मीही गेले, हळूहळू. दुपारी उंधियु-जिलेबी तिथेच झालं. संध्याकाळी खाली उतरताना डाव्या लवणीत एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं, पोटरीत गरम पाणी उतरल्यासारखं वाटलं. आता पोटरी टम्म सुजली आहे, लालसर आहे, दाबलं की कळ जाते. चमत्कारिक म्हणजे मागची गाठ हाताला लागतच नाही. जाऊबाई म्हणतात गोळा आला असेल, तेल गरम करून आणलं आहे. फिजिओकाकांनी लिहिलं होतं म्हणून विचारते.

सूरसागर_काठ

तेल नको. चोळू देऊ नका. निघा.

निवृत्त_फिजिओ

वैशालीताई, पोटरीला कुणाचाही हात लावू देऊ नका, पट्टी आवळू नका, शेकू नका. आत्ताच दवाखान्यात जा, पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी) हवी असं सांगा. सकाळपर्यंत थांबायचं नाही. बहुधा गाठ फुटली असावी, पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय अगदी असाच दिसतो. बघून, दाबून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, मला तर नाहीच नाही.

धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली तर १०८ ला फोन. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर असं होतं.

जिना उतरताना दोघांनी धरा, नाहीतर खुर्चीत बसवून उतरवा.

सोनोग्राफी_खोलीतून

मी रेडिओलॉजी विभागात काम करतो. तुम्ही निघाला असाल तर वाटेत कुणाला तरी हे वाचायला द्या.

तिथे गेल्यावर तीन गोष्टी आपणहून सांगा. एक, ऱ्हुमॅटॉइड आहे. दोन, ह्याच गुडघ्यात आधी बेकर्स सिस्ट होती, जुना रिपोर्ट सोबत ठेवा. तीन, कोणती औषधं चालू आहेत. टोफासिटिनिबसारखी संधिवाताची गोळी असेल तर आवर्जून, कारण तिच्याने गुठळीचा धोका वाढतो.

गाठ होती म्हणून गुठळी नसेलच, असं कुणी म्हटलं तरी तपासणी टाळू नका. संधिवाताच्या रुग्णांत गुठळीचं प्रमाण मुळातच जास्त असतं, आणि मोठी गाठ शेजारच्या शिरेवर दाब देऊन स्वतःच गुठळी घडवू शकते. कधी कधी दोन्ही एकत्र सापडतात.

डी-डायमर नावाची रक्ततपासणी करतील. ती नॉर्मल आली तर गुठळीची शक्यता कमी, पण संधिवात भडकलेला असताना ती एरवीही वाढलेली असते. त्यामुळे तिच्यावरून निकाल लागत नाही, डॉपलरच लागते. त्यात आम्ही प्रोबने शिरेवर हलका दाब देतो. मोकळी शीर चपटी होते, गुठळी भरलेली शीर दबत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

आणि रिपोर्ट येण्याआधी रक्त पातळ करायचं इंजेक्शन देण्याची घाई झाली तर नम्रपणे विचारा, ‘डॉपलर आधी होऊ शकेल का?’ गुठळी असेल तर ते औषध जीव वाचवतं. पण फक्त गाठ फुटलेली असेल तर त्यानेच पोटरीत रक्तस्राव होऊन आतला दाब वाढू शकतो. डॉपलर लगेच होणार नसेल आणि डॉक्टरांना गुठळीचा संशय दाट वाटत असेल तर मात्र त्यांचं ऐका, अडून बसू नका.

रावपुरा_वहिनी

वैशाली, सयाजी हॉस्पिटल तुमच्याकडून जवळ आहे, तिथला तातडीचा विभाग रात्रभर चालू असतो. मी येते, माझी गाडी खाली आहे. फोन उचल.

वाड्यातली_वैशाली

(१५ जानेवारी, दुपारी)

मी वैशालीची मुलगी लिहितेय, आईच्या नावाने. रात्री एका खाजगी दवाखान्यात गेलो, ते आधीपासून ओळखीचे होते. पहिल्या डॉक्टरांनी पाय बघून गुठळीच धरली आणि लगेच इंजेक्शनची तयारी केली. मी वरचा प्रतिसाद दाखवून डॉपलरचं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोनोग्राफीवाल्यांना घरून बोलावलं. शिरा सगळ्या मोकळ्या आहेत, दबतात. गाठ फुटून पाणी पोटरीच्या स्नायूंमधून खाली उतरलं आहे.

रक्त पातळ करणारं औषध दिलं नाही. पाय वर ठेवायचा, बर्फ, वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल. मूत्रपिंड आणि मेथोट्रेक्सेट यांचा विचार करून दुसऱ्या गोळ्या त्यांनी टाळल्या. बोटं गार पडली, बधिर झाली, पावलाची हालचाल होईना किंवा दुखणं औषधानेही ऐकेना झालं तर ताबडतोब परत यायला सांगितलं आहे. आई आता झोपली आहे. आज वासी उत्तरायण (दुसरा दिवस), वरून पतंगवाल्यांचं ‘काप्यो छे’ चालू आहे, तरी झोपली आहे.

सोनोग्राफीवाल्या काकांना आणि रावपुऱ्याच्या मामींना कसं सांगू काय वाटतंय ते.

सोनोग्राफी_खोलीतून

बाळ, तू विचारलंस हेच मोठं काम केलंस. डॉक्टरांनी ऐकलं, त्यांचेही आभार मान.

पुढचे काही दिवस आतल्या घोट्याच्या खाली चंद्रकोरीच्या आकाराचा निळसर डाग दिसू शकतो. पाणी आणि थोडं रक्त खाली उतरून तिथे साठतं. त्याला घाबरू नका. मात्र सूज उतरण्याऐवजी मांडीकडे चढू लागली तर डॉपलर पुन्हा करून घ्या. एकदा शिरा मोकळ्या निघाल्या म्हणजे पुढे गुठळी होणारच नाही, असं नाही. विशेषतः माणूस अंथरुणात पडून असेल तेव्हा. म्हणून पावलं वरखाली हलवत राहायला सांग.

वाड्यातली_वैशाली

मी स्वतः लिहितेय. पोटरी निम्म्याने उतरली आहे. काकांनी सांगितलेला निळा डाग अगदी घोट्याखाली आला, त्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही.

काल संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी पायापेक्षा हातच जास्त वेळ बघितले. माझी सकाळची आखड तासाच्या वर गेली आहे, दोन्ही मनगटं गरम आहेत, आणि मी ते थंडीवर ढकलत होते. ते म्हणाले, संधिवात गेले काही महिने जागा झालेला आहे, गुडघा त्याचाच भाग. गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं, जंतू नाहीत असं आल्यावर इंजेक्शन दिलं. मेथोट्रेक्सेट आता गोळीऐवजी त्वचेखालच्या इंजेक्शनने, आठवड्यातून एकदाच. तीन महिन्यांत ह्याने भागलं नाही तर बायोलॉजिक औषधांचा (संधिवाताची महागडी, जास्त प्रभावी इंजेक्शनं) विचार, त्यासाठी आधी टीबी आणि काविळीच्या तपासण्या.

खर्चाचं दडपण आलं आहे, खोटं कशाला सांगू. पण गाठीसाठी ऑपरेशनला जो पैसा जाणार होता तो तरी वाचला.

इंदूरच्या_मावशी

मेथोट्रेक्सेट घरी घेणार असाल तर एकच वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. ते रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत. गोळ्यांची जुनी पाकिटं घरात उरली असतील तर ती बाजूला काढा, दोन्ही एकदम सुरू राहायला नकोत. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. डोळ्यांची तपासणीही, ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी.

बायोलॉजिकची वेळ आलीच तर त्याच औषधाची भारतात बनलेली स्वस्त रूपं मिळतात, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पैशाचं बोलायला संकोचू नका.

निवृत्त_फिजिओ

फार बरं वाटलं वाचून. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस गुडघा शांत ठेवा, मग टॉवेलचा व्यायाम सुरू. पोटरीची सूज पूर्ण उतरेपर्यंत जिना दिवसातून एकदाच. काठी उजव्या हातात धरा, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. लोक हटकून दुखऱ्या बाजूला धरतात. डाव्या पायाबरोबर काठी पुढे. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय, चढताना आधी चांगला पाय.

गाठ पुन्हा भरू शकते. भरली तर ऑपरेशनकडे न वळता आधी हातांची आखड बघा.

रावपुरा_वहिनी

हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधी कधीही कर. खुर्च्या आमच्याकडून घे. यंदा वाण जिन्याखालीच देऊ, कुणाला वर चढवायचं नाही.

मांजलपूर_नवीन

मी ह्या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या वडिलांना संधिवात नाही, वय ७४, पूर्वी खूप बिडी ओढायचे. त्यांच्याही लवणीत गाठ आहे, दुखत नाही, पण हात ठेवला की नाडीसारखी उडते. ओळखीचे एक जण सुईने पाणी काढून देतो म्हणतात. उद्या नेऊ का?

सोनोग्राफी_खोलीतून

नेऊ नका. सुई लावू देऊ नका. उडणारी गाठ पाण्याची नसून फुगलेली धमनी असू शकते, तिथे सुई म्हणजे जीवाशी खेळ. उद्या सकाळीच डॉपलर करून रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. पाय गार पडला, पांढरा झाला किंवा अचानक खूप दुखला तर सकाळचीही वाट बघू नका. पोटाचीही सोनोग्राफी करून घ्या, कारण ज्यांना लवणीत असा फुगवटा असतो त्यांच्या पोटातल्या महाधमनीतही तो बऱ्याचदा सापडतो.

मांजलपूर_नवीन

नाही नेत. त्यांना आत्ताच फोन करून सांगतो. उद्या रिपोर्ट आला की इथेच लिहीन.